रडका फोटो म्हणजे खोटी संस्था? एका फ्लेक्सवाल्याचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. तालमीच्या ग्रुपवर बापूनं, शाळेच्या ग्रुपवर दोघांनी, आणि मेहुण्यानं तर वर ‘दाजी, तुमच्या धंद्याचं आलंय बघा’ असं लिहून. मेसेज चांगला हातभर लांब आहे. त्याचा ऐवज मात्र एवढाच:

खरं दान गुप्त असतं. जाहिरात करतो तो समाजसेवक नव्हे, व्यापारी. रडणारं मूल दाखवून पैसे मागणं ही फसवणूक. खऱ्या संस्थेनं फक्त आकडे दाखवावेत. तुमच्या शंभर रुपयांतले नव्वद जाहिरातीत आणि पगारात जातात. आपल्या पूर्वजांना असली नाटकं लागत नव्हती, ही साहेबाची नक्कल. लोक फोटो बघून चार दिवस हळहळतात आणि विसरतात, त्यामुळं उपयोग शून्य. म्हणून संस्थेला एक रुपयाही देऊ नका, थेट गरजूच्या हातात द्या. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढं पाठवा’.

माझं कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, कुस्तीचं मैदान, नेत्याचं अभिनंदन हे रोजचं काम. त्याच्या जोडीनं गेली पंधराएक वर्षं मदतीची आवाहनंही करत आलोय: कुणाचं डायलिसिस, कुणाचा वृद्धाश्रम, पूरग्रस्त, मुलांची वसतिगृहं. तेव्हा मेहुण्याचं म्हणणं खरं आहे, हे माझ्याबद्दलच आलंय. पण धंदा वाचवायला म्हणून लिहीत नाही. आवाहनाच्या फ्लेक्सवर आम्हाला काही सुटत नाही. बिल निम्मं लावायचं आणि तेही पुढच्या महिन्यात मागायचं, असा तो प्रकार. लिहितोय ते एवढ्यासाठी की मेसेजमधला राग खोटा नाही, पण तो भलत्याच दारावर जाऊन थडकतोय.

आधी गुप्तदान. ‘या हाताचं त्या हाताला कळू नये’ हा नियम देणाऱ्यासाठी आहे. मागणाऱ्यानंही गुप्त राहायचं ठरवलं तर देणाऱ्याला कळायचं कसं? जोगवा मागायला बाई परडी घेऊन दारात उभी राहते तेव्हा ती कुजबुजत नाही, उदो म्हणते, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असा. मेसेज लिहिणाऱ्यानं देणाऱ्याचा संकोच उचलला आणि मागणाऱ्याच्या तोंडावर बांधला.

देणाऱ्याच्या मिरवण्याबद्दल तक्रार असेल तर मी मेसेजच्या बाजूनं आहे. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव असतं, पंखा सुरू झाला की ते दिसत नाही, हा एकच त्यातला न्याय. मदतीच्या फ्लेक्सवर पूरग्रस्तांचा फोटो वहीएवढा आणि नेत्याचा दरवाजाएवढा, हा लेआउट मी स्वतः किती वेळा केलाय ते सांगायला लाज वाटते. २०१९ च्या पुरात तर मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या छब्या चिकटवल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. त्यावर चिडावं तेवढं थोडं. फक्त ती जाहिरात देणाऱ्याची होती, गरजूची नव्हती. दोन्ही एकाच फ्लेक्सवर छापून येतात म्हणून गल्लत होते.

आता मेसेजचा कणा: रडवू नका, आकडे दाखवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. अडचण अशी की हे करून बघितलेलं आहे.

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांकडून आधी भलतीच एक प्रश्नावली भरून घेतली, तिचा मोबदला म्हणून एकेक डॉलरच्या पाच नोटा हातात दिल्या, आणि बरोबर एक आवाहन दिलं: यातलं काही द्यावंसं वाटलं तर द्या. काहींच्या आवाहनात मालीतल्या सात वर्षांच्या एका भुकेल्या मुलीचा फोटो आणि तिची दोन-चार ओळींत माहिती होती. काहींच्या आवाहनात नुसते आकडे, आफ्रिकेतल्या अमुक देशात इतके लाख उपाशी, तमुक देशात तितके. फोटोवाल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. आकडेवाल्यांनी १.१४. मग दोन्ही एकत्र दाखवून बघितलं, फोटोही आणि आकडेही. दान १.४३ वर आलं. मुलीच्या शेजारी लाखांचा आकडा ठेवला तर मुलीच्या वाट्याचंही गेलं.

हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले. ते पेंटर, ब्रशनं बोर्ड रंगवायचे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली त्या गावात बोर्ड रंगवतो याचा त्यांना फार अभिमान. त्यांचा नियम होता: एका बोर्डावर एक तोंड. दोन काढलीस तर रस्त्यावरचा माणूस दोघांतलं एकही बघत नाही. सायकलवरून जाणाऱ्या गिऱ्हाईकाची मान किती वेळ वळते, हे त्यांनी आयुष्यभर शिडीवर उभं राहून मोजलं होतं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि मेसेज फिरवणाऱ्यांनी खरं तर तीच वाचायला हवी. काही लोकांना पैसे मागण्याआधी समजावून सांगितलं, की बघा, माणसं एका चेहऱ्याला जास्त देतात आणि मोठ्या आकड्यांना कमी. माणसं सावध झाली. त्यांनी मुलीला कमी दिलं. मग लाखांना जास्त दिलं का? नाही दिलं. आकड्यांचं दान होतं तिथंच राहिलं.

आपला मेसेज नेमकं हेच करतोय. फोटोपासून सावध झालेला माणूस उठून आकडेवारीकडं जात नाही. खिशाकडं निघालेला हात परत येतो, एवढंच घडतं, आणि वर आपण फसलो नाही याचं समाधान फुकट मिळतं. शिवाय मेसेजची स्वतःची बांधणी बघा. एक लुबाडलेला भोळा माणूस, एक एसी गाडीतला संस्थाचालक, तपशील काही नाही, संताप भरपूर. करुणेच्या जागी राग ठेवलाय; बाकी लेआउट माझाच आहे, मी ओळखतो.

म्हणून रडवणाऱ्या फोटोला सरसकट माफी देतोय असं समजू नका. मी काय केलंय ते सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इथली धोका पातळी ४३ फूट आहे, तेव्हा अंदाज येईल. पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवतात, तशी त्याही वेळी हलवली होती. ओळखीच्या एका मंडळाला आवाहनाचं पोस्टर हवं होतं. पोरांनी मोबाईलवर काढलेल्या चाळीसेक फोटोंतून मी एक निवडला. साठी ओलांडलेली एक बाई, डोक्यावर ओला पदर, नजर खाली. मूळ फोटोत तिच्या हातात चहाची किटली होती. ती बाकीच्यांना चहा ओतत होती म्हणून नजर खाली होती. मागं तिचा मुलगा ट्रंक उचलून आणत होता. शेजारची कुणीतरी पोरगी हसत होती. मी किटली कापली, मुलगा कापला, हसणारी कापली. रंग थोडे उतरवले. उरली एक निराधार म्हातारी. खाली मोठ्या अक्षरात ओळ टाकली: ‘हिचं आता कोण आहे?’

पोस्टर चाललं. मोबाईलवरून कुठल्या कुठं गेलं, पैसे आले, त्यातून चादरी आणि भांडी घेतली, वाटलीसुद्धा नीट. दोनेक महिन्यांनी ती मावशी पत्ता विचारत विचारत दुकानात आली. भांडली नाही. स्टुलावर बसली, पाणी मागितलं आणि म्हणाली, “लेका, माझा फोटू ल्येकीच्या सासरी गेला. तिची सासू म्हणती, तुझ्या आईला कोण न्हाई व्हय गं? माझा जित्ता ल्योक मेल्यागत केलास की रं.”

मी काय बोलणार? पूर खरा होता. तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेही खरं. तिचा चेहरासुद्धा खरा. खोटं शिरलं ते माझ्या कात्रीतून. भावनेत फसवणूक असते असं मेसेज म्हणतो. मला ती चौकटीबाहेर काय टाकलं त्यात सापडली. आणि ही कात्री आकड्यांनाही लावता येते. ‘आम्ही दहा हजार कुटुंबांपर्यंत पोचलो’ या ओळीत पोचणं म्हणजे घर उभं करून दिलं की बिस्किटाचा पुडा, हे कापून टाकलेलं असतं. रडका फोटो निदान संशय तरी जागा करतो, गुळगुळीत आकडा तेवढंही करत नाही.

याबद्दल नियम आहेत, ते मेसेजवाल्याला ठाऊक नसावेत. भारतातल्या जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था एएससीआय. मदतीच्या जाहिरातींसाठी तिची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: ज्यांच्यासाठी मागताय त्यांचा मान राखा, न देणाऱ्याला अपराधी ठरवू नका, संकटातल्या माणसांची अंगावर येणारी चित्रं विनाकारण वापरू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अनाथ मुलांच्या वसतिगृहाचं पोस्टर करायला कुणी मुलांचे चेहरे घेऊन आलं की मी आता हे कलम सांगतो. एक गृहस्थ म्हणाले, “मग लोक देणार कसं?” मी म्हटलं, पाठमोरी पोरं काढा, वह्या काढा, पायातल्या चपला काढा. ते दुसऱ्या दुकानात गेले.

नव्वद रुपयांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. कुठल्या संस्थेचे नव्वद, कुठल्या वर्षाचे, कुणी मोजले, मेसेजमध्ये काही नाही. परदेशातून येणाऱ्या देणगीपुरतं सांगायचं तर तिच्यासाठीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला त्यातले २० टक्केच वापरता येतात. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत न्यासांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. सगळे वेळेवर देतात असा दावा मी करत नाही. पण हिशेब मागितल्यावर कोण कपाट उघडतं आणि कोण चहा मागवतं, यावरून बरंच कळतं. देणगीवर आयकराची सवलत (लोक जिला ८०जी म्हणतात ती) हवी असेल तर दोन हजारांच्या वरची देणगी रोखीत चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी ‘कॅश द्या, पावती नंतर’ म्हणणारा ओळखता येतो.

आणि पगार म्हणजे उधळपट्टी, हे कुठून आलं? अंध मुलांना ब्रेल शिकवणाऱ्या बाईंनी घर कशावर चालवायचं? डायलिसिसचं मशीन हाताळणारा पोरगा पुण्याला निघून जाऊ नये म्हणून त्याला चार पैसे द्यावे लागतात, ते पैसे रुग्णावरच खर्च झाले ना? अमेरिकेत देणगीदारांसाठी संस्थांची माहिती गोळा करणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी २०१३ मध्ये दात्यांना जाहीर पत्र लिहून सांगितलं, की वरखर्चाचा टक्का हा एकटा मापदंड धरून संस्था जोखू नका. फुकट चालणारं सगळंच चांगलं असतं, असं आपल्या कुठल्या व्यवहारात आपण मानतो?

एक गोष्ट मात्र मेसेजच्या पदरात टाकायला हवी. गोळा होईल त्यातला वाटा ठरवून घेऊन आवाहनं चालवणारी माणसं आहेत. माझ्याकडं एकजण आला होता, ‘डिझाइन तुमचं, प्रमोशन आमचं, जमेल त्यातले तीस टक्के कट’ असं सांगत. फ्लेक्सवर हा तीस टक्क्यांचा आकडा बारीक अक्षरात टाकू का, एवढंच मी विचारलं. तो परत आला नाही.

‘पूर्वजांना असली नाटकं लागत नव्हती’ या वाक्यावर मात्र मी खुर्ची ओढून बसतो, कारण मला आमच्या गल्लीतली पहाट आठवते.

वासुदेव यायचा तेव्हा उजाडलेलंही नसायचं. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात चिपळ्या. अख्खी गल्ली झोपलेली, दुसरा कसलाही आवाज नाही, त्या वेळी हा गात येतो. लोकांचं लक्ष वेधायला याच्यापेक्षा नेमकी वेळ आजच्या कुठल्या जाहिरातवाल्यानं शोधून दाखवावी. सुपातलं धान्य झोळीत पडलं की ‘दान पावलं’ म्हणत तो गावोगावच्या देवांची नावं घ्यायचा. ती पावती होती, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणारी होती. म्हणजे समोरच्या घरानं दिलं, आता तुमचं काय, असा निरोपही त्यातच.

पोतराज त्याच्याही पुढचा. कमरेला रंगीबेरंगी चिंध्या, मोकळे केस, डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली बायको, आणि दारात येऊन स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढलेला आसूड. त्या फटक्याचा आवाज ऐकून आम्ही पोरं माजघरात पळायचो आणि आई सूप घेऊन बाहेर जायची. बघणाऱ्याच्या अंगावर काटा आणून दान मिळवणं ही साहेबाची नक्कल असेल तर साहेबानं ती इथूनच उचलली असणार. (त्या आसुडामागं जातीची उतरंड होती. त्या माणसाला आमच्या दारात स्वतःला फोडून का घ्यावं लागतं, हे आमच्या गल्लीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. फोटो बघून आपण जे विचारत नाही ते तेव्हाही विचारत नव्हतो.)

गाडगेबाबा गावात आले की आधी कुणाशी बोलायचे नाहीत. खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. माणसं जमायची, कोण हा वेडा म्हणून बघायची, आणि रात्री कीर्तनाला अख्खा गाव हजर. त्या कीर्तनांतून उभ्या राहिलेल्या धर्मशाळा पंढरपुरात, नाशकात आहेत. आधी लक्ष, मग मन, मग पैसा, हा क्रम त्यांना कुणी शिकवला होता?

आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी दुसरी वाट काढली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टी फंड काढला: घरोघरच्या बायकांनी धान्यातली एक मूठ रोज बाजूला ठेवायची. यात रडणं नाही, फोटो नाही, चुलीशेजारची एक सवय आहे फक्त. पण लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडलं ही गोष्टही त्याच संस्थेची, आणि ती सांगताना आजही सभेत शांतता पसरते. एक मूठ आणि एक मंगळसूत्र, दोन्ही लागलं. दसरा चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या काळापासूनची जी बोर्डिंगं उभी आहेत, तीही गुपचूप उभी राहिलेली नाहीत. समाजासमाजाच्या सभा घेऊन, भाषणं करून, वर्गण्या मागून राहिली आहेत.

साहेबाचं म्हणाल तर साहेबाला हे सुरुवातीला पचलंसुद्धा नव्हतं. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब या बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात उपासमारीनं खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलांच्या फोटोची पत्रकं वाटली. ऑस्ट्रिया म्हणजे कालपर्यंतचा शत्रू. सरकारनं त्यांना पकडून खटला भरला, पाच पौंड दंड झाला, आणि सांगतात की सरकारी वकिलानंच ते पाच पौंड त्यांच्या हातावर ठेवले. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही त्यांची मुलांसाठीची संस्था उभी राहिली. पुढं १९८४-८५ च्या इथिओपियाच्या दुष्काळात हाडांच्या सापळ्यासारख्या मुलांच्या चित्रांचा एवढा मारा झाला की युरोपातल्या संस्थांनाच १९८९ मध्ये चित्रं कशी वापरावीत याची आचारसंहिता करावी लागली. मावशीनं मला जे दुकानात येऊन सांगितलं तेच त्यांना कुणीतरी सांगितलं असणार.

लोक विसरतात, हा मुद्दा निम्मा खरा आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेल्या लहानग्या सीरियन मुलाचा फोटो जगभर गेला. स्वीडनच्या रेड क्रॉसकडं निर्वासितांसाठी येणारी देणगी त्या आठवड्यात कित्येक पटींनी वाढली आणि साधारण सहा आठवड्यांत ओसरली. मेसेजवाला इथं थांबेल. पण त्याच महिन्यात दरमहा ठरावीक रक्कम देण्यासाठी नाव नोंदवणारे जवळपास दहापट झाले होते, आणि त्यातले बहुतेक पुढच्या जानेवारीतही टिकून होते. लाट ओसरते तेव्हा काठावर काय राहिलं तेही बघायचं असतं. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेण्याचं खूळ आलं होतं, आठवतं? इथं आपण त्याची चेष्टा केली. त्यातून एएलएस या स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेकडं ११.५ कोटी डॉलर जमले, आणि त्या पैशाचा हातभार लागलेल्या संशोधनातून २०१६ मध्ये या आजाराशी संबंध असलेलं एक जनुक सापडलं. बादलीवाले तोवर सगळं विसरून गेले होते. जनुकाला त्याचा फरक पडला नाही.

जवळचं उदाहरण द्यायचं तर २०२१ चं आहे. दुर्मिळ आजारावरच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी मुंबईतल्या एका बाळाचं आवाहन सगळ्यांच्या फोनवर आलं होतं. पैसे जमलेच, शिवाय औषधावरचा सुमारे ६ कोटींचा कर केंद्र सरकारनं माफ केला. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण त्याच वर्षी आलं आणि पुढच्या वर्षी मदतीची मर्यादा ५० लाखांवर गेली. एका फोटोमुळं हे झालं असं मी म्हणणार नाही. पालकांच्या संघटना त्याआधीपासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या. पण ज्यांच्या बाळाचा फोटो तेवढा गोड आला नाही, त्यांचं काय, हा प्रश्न मला छळतो. मेसेजला तो पडलेलाच नाही.

शेवटचा सल्ला, थेट हातात द्या. शेजारच्या घरी अडचण असेल तर जरूर द्या, त्यासाठी ना संस्था लागते ना मी. पण पुरात थेट हातात दिल्यावर काय झालं ते आम्ही बघितलंय. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, कित्येक दिवस ट्रक अडकले होते. पाणी उतरलं आणि मदतीच्या गाड्या सुटल्या. ज्यांची घरं रस्त्याला लागून, त्यांच्या दारात तीन-तीन टेम्पो थांबले. शिरोळ तालुक्यात आत, मळ्यात राहणाऱ्यांकडं कुणी फिरकलं नाही. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजून कुजले. त्यांत नवरीच्या शालूपासून फाटक्या स्वेटरपर्यंत सगळं होतं. तेव्हा जनावरांना वैरण हवी होती, विहिरीत टाकायला पावडर हवी होती, आणि पोरांना वह्या. थेट देणारा माणूसही शेवटी डोळ्यांसमोर दिसेल त्यालाच देतो. रस्त्याकडेचा पूरग्रस्त हा त्याचा फोटोच असतो, फक्त छापलेला नसतो. आतल्या वस्तीची यादी कुणाकडं होती? तिथल्या एका लहान संस्थेकडं, जिनं पुराआधी वर्षभर घरं मोजली होती, आणि हो, त्या मोजणाऱ्या दोन पोरींना पगार होता.

उपचारांच्या आवाहनाचंही तसंच. आता कुणी डायलिसिसचा फ्लेक्स करायला आलं की मी आधी विचारतो, सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का बघितलं? धर्मादाय रुग्णालयात चौकशी केली? तिथं दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. दर चारातला एक तरी फ्लेक्स न करता परत जातो. मेहुणा म्हणतो, असा धंदा केल्यावर झालं.

बापूला मी यातलं थोडंफार ग्रुपवर लिहिलं. त्यानं एक अंगठा टाकला आणि खाली, “भावा, सगळं बरोबर, पण त्या मावशीचं पुढं काय झालं?”

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ च्या वर गेलं. मंडळाला परत पोस्टर हवं होतं. या वेळी मी स्वतः सुतारवाड्यात गेलो, विचारायला. मावशी घरातला गाळ काढत होती, साडी खोचलेली, हातात खराटा. मला बघून म्हणाली, “आता काढ. आणि ह्यो बी घे,” म्हणत मुलाला हाताला धरून शेजारी उभा केला. मी काही कापलं नाही. खाली लिहिलं किती घरांत गाळ आहे, काय काय लागणार आहे, आणि हिशेब कुठल्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर लागेल.

पैसे २०१९ पेक्षा कमी आले. अध्यक्ष म्हणाला, “दाजी, गेल्या वेळचाच फोटो लावायला हवा होता.” मावशीला मी ते सांगितलं नाही. फ्लेक्स उतरवल्यावर तीच मागून घेऊन गेली, पत्र्याची गळती झाकायला म्हणून. परवा त्या बाजूला गेलो होतो. पत्र्यावर अजून आहे, उन्हानं पार उडालाय, आणि फोटोची बाजू वर ठेवलीय.